अमिगा ६०० आणि १२०० ला हार्ड डिस्क कशी जोडावी

कमोडोर कंपनीने १९९२ साली अमिगा ६०० आणि अमिगा १२०० असे दोन घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणले. दोन्हींच्या मदरबोर्डवर ४४ पिनांचा आयडीई, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचा, कनेक्टर आधीपासून होता. लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क त्याला थेट जोडता यायची, वेगळं कंट्रोलर कार्ड लागायचं नाही. तरी बरीच यंत्रं नुसत्या फ्लॉपीवर विकली गेली आणि तो कनेक्टर कीबोर्डखाली तसाच रिकामा राहिला. तुमच्याकडे यातलं एखादं यंत्र असेल, तर आज ती जागा भरणं सोपं आहे आणि फार खर्चाचंही नाही.

हे करावंच असं मला मनापासून वाटतं. अमिगाच्या एका फ्लॉपीत ८८० केबी मावतात. त्या काळातल्या फ्लॉपी आता एकेक करून दगा देतात, आणि वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा खिडक्या-चिन्हांचा डेस्कटॉप, चालवताना दर मिनिटाला डिस्क बदलावी लागते. हार्ड डिस्क बसली की तेच यंत्र काही सेकंदांत सुरू होतं, चित्रांचे आणि संगीताचे प्रोग्रॅम मोकळेपणाने चालतात. हा कॉम्प्युटर खरा काय ताकदीचा होता ते तेव्हा कळतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. केबल जोडणं हा या कामातला सोपा भाग आहे, अर्ध्या तासात होतो. खरी काळजी घ्यायची ती पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करताना भरायच्या दोन आकड्यांची. ते चुकले तर लगेच काहीच बिघडत नाही. सगळं छान चाललंय असं वाटतं आणि काही महिन्यांनी अख्खी डिस्क एका झटक्यात जाते. म्हणून या लेखात स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा त्या आकड्यांना जास्त जागा दिली आहे.

यंत्र वेगळं असेल तर

अमिगा ५०० मध्ये आयडीई नाही, त्याला डाव्या बाजूच्या एक्स्पान्शन पोर्टवर किंवा आत प्रोसेसरच्या सॉकेटवर बसणारा कंट्रोलर लागतो. अटारी एसटीला मागे एसीएसआय नावाचा स्वतंत्र पोर्ट आहे, आणि अटारी फाल्कनमध्ये आतच आयडीई आहे. जुन्या मॅकिंटॉशना स्कझी या वेगळ्या जोडणीची डिस्क लागते, किंवा आजकाल मिळणारा, एसडी कार्डाला स्कझी डिस्क म्हणून उभं करणारा बोर्ड. झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी आयडीई डिस्क जोडून देणारा डिव्हआयडीई नावाचा बोर्ड आहे. कमोडोर ६४ च्या बाबतीत हार्ड डिस्कऐवजी फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारं एसडी कार्डाचं उपकरण वापरणंच शहाणपणाचं. यापुढचं सगळं अमिगा ६०० आणि १२०० बद्दल आहे.

आधी यंत्राची तब्येत बघा

या दोन्ही मॉडेलांच्या मदरबोर्डवर पृष्ठभागावर डकवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आहेत आणि ते आता गळतात. गळलेला द्रव तांब्याच्या रेषा खातो. झाकण उघडल्यावर कॅपॅसिटरच्या पायाशी चिकट, तपकिरी ओलसरपणा दिसला, सोल्डरची चमक जाऊन ते मळकट दिसलं, किंवा सोल्डरिंग करताना माशासारखा वास आला, तर हार्ड डिस्कचा विषय बाजूला ठेवून आधी कॅपॅसिटर बदलून घ्या. आजारी बोर्डावर डिस्क जोडली की डिस्कची चूक कुठली आणि बोर्डाची कुठली हे शोधण्यातच जीव जातो.

दुसरी तपासणी पॉवर सप्लायची. अमिगा ६०० आणि १२०० सोबत आलेला मूळ सप्लाय २३ वॉटचा आहे. ५ व्होल्टवर ३ अँपिअर आणि १२ व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर. साडेतीन इंची डेस्कटॉप हार्ड डिस्कची मोटर सुरू होताना १२ व्होल्टवर याहून कितीतरी जास्त करंट ओढते. त्यामुळे फ्लॉपीच्या पॉवर कनेक्टरवरून तार काढून साडेतीन इंची डिस्क चालवायच्या भानगडीत पडू नका. अडीच इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते आणि तिला वीज त्याच ४४ पिनांच्या केबलमधून मिळते. शेवटच्या चार पिनांपैकी दोन ५ व्होल्टच्या आहेत. मल्टीमीटर असेल तर यंत्र चालू असताना ५ व्होल्टची लाइन मोजा. ४.८ च्या खाली घसरत असेल तर आधी सप्लायचा बंदोबस्त करा.

तिसरी तपासणी किकस्टार्टची, म्हणजे रॉममधल्या मूळ सॉफ्टवेअरची. अमिगा १२०० मध्ये ३.० किंवा ३.१ असतं, दोन्ही हार्ड डिस्कवरून सुरू होतात. अमिगा ६०० चं प्रकरण नाजूक आहे. त्यात किकस्टार्ट २.०५ असतं, पण त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. ३७.२९९ मध्ये हार्ड डिस्कची सोयच नाही. ३७.३०० मध्ये ती आहे, पण मोठ्या डिस्कशी तिचं नीट जमत नाही. ३७.३५० मात्र ठीक काम करते. तुमच्याकडे कुठली आहे हे बघायला शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून व्हर्जन ही आज्ञा द्या. पहिल्या दोनपैकी निघाली तर रॉम चिप बदलून ३.१ बसवा. ती सॉकेटमध्ये बसते, सोल्डरिंग लागत नाही. फक्त चिपची खाच कुठल्या बाजूला आहे ते जुनी काढायच्या आधी बघून ठेवा.

फिरणारी डिस्क की कार्ड

जुनी अडीच इंची आयडीई डिस्क मिळाली आणि तिचा तो बारीक घरघर आवाज तुम्हाला प्रिय असेल, तर जरूर लावा. पण रोजच्या वापरासाठी माझं मत स्पष्ट आहे, कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घ्या. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे त्याच्या अॅडॉप्टरमध्ये फारसं काही नसतं, एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूला नेलेल्या असतात एवढंच. वीज कमी लागते, यंत्र तापत नाही, आणि कार्ड बाहेर काढून आधुनिक कॉम्प्युटरवर अख्ख्या डिस्कची प्रत काढता येते. एसडी कार्डाचे आयडीई अॅडॉप्टरही मिळतात. त्यात मध्ये भाषांतर करणारी चिप असते आणि काही चिपा जुन्या अमिगाशी अडखळतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

कार्ड ४ जीबीचं किंवा त्याहून लहान घ्या. कारण पुढे येईलच. तेवढ्यातही चार हजारांहून जास्त फ्लॉपींचा मजकूर मावतो, जागा कमी पडायची शक्यता नाही.

अॅडॉप्टर घेताना तो ४४ पिनांचा, अडीच इंची प्रकारचा आहे ना ते बघा. ४० पिनांचा मोठा कनेक्टर इथे बसत नाही. पिनांमधलं अंतर वेगळं असतं, यात २ मिलिमीटर आणि त्यात २.५४. सोबत ४४ पिनांची छोटी रिबन केबल घ्या. अमिगा १२०० चा आयडीई पोर्ट प्रोसेसरपासून कुठल्याही बफरविना आलेला आहे, म्हणून केबल जितकी आखूड तितकं बरं. दहा-बारा सेंटिमीटर पुरतात.

उघडणं आणि जोडणं

यंत्र बंद करा, पॉवरची केबल यंत्रापासून काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

यंत्र उलटं करून खालचे स्क्रू काढा, मग सरळ करून वरचं झाकण उचला. ते एकदम खेचू नका. आतून पॉवर, फ्लॉपी आणि हार्ड डिस्कच्या दिव्यांची वायर मदरबोर्डला जोडलेली असते. हार्ड डिस्कसाठीचा दिवा कमोडोरने आधीच देऊन ठेवला आहे, म्हणजे डिस्क लावली की तो आपोआप कामाला लागतो.

आता कीबोर्ड. तो नुसता ठेवलेला असतो, पण मदरबोर्डला एका पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने जोडलेला असतो. या कामात सगळ्यात जास्त नुकसान या पट्टीचं होतं. पट्टी ज्या कनेक्टरमध्ये शिरते त्याची वरची कड आधी दोन्ही टोकांनी हलकेच वर सरकवायची असते. कड वर आली की पट्टी जोर न लावता बाहेर येते. कड न उचलता पट्टी ओढली तर तिच्यावरचा वाहक थर खरवडला जातो आणि कीबोर्डच्या काही कळा कायमच्या मुक्या होतात. परत बसवताना उलटा क्रम, पट्टी आत पूर्ण सरळ घाला आणि मग कड खाली दाबा.

कीबोर्डखाली पत्र्याचं शील्ड असेल तर त्याच्या पिळलेल्या पट्ट्या पक्कडीने सरळ करून ते उचला. खाली दोन ओळींत उभ्या ४४ पिना दिसतील. तोच आयडीई कनेक्टर.

केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती १ नंबरच्या पिनेची बाजू. बोर्डावर कनेक्टरच्या एका टोकाला १ हा आकडा छापलेला असतो. तिथे लाल कड येऊ द्या. अॅडॉप्टरवरही तशीच खूण असते. अडीच इंची हार्ड डिस्क लावत असाल तर तिच्या मागे ४४ पिनांच्या शेजारी थोडी जागा सोडून आणखी चार पिना असतात. त्या जंपरच्या आहेत, केबलच्या नाहीत. लाल कड त्या चार पिनांच्या बाजूला येते, पण केबल त्यांच्यावर चढता कामा नये. कनेक्टर एक ओळ सरकून बसला तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात, आणि त्याचा हिशेब बोर्ड किंवा डिस्क चुकता करते. म्हणून केबल बसवल्यावर टॉर्च मारून दोन्ही टोकांना एकही पिन उघडी राहिलेली नाही ना ते बघा. मगच वीज लावायची.

अॅडॉप्टरवर मास्टर-स्लेव्ह जंपर असेल तर मास्टरवर ठेवा. अॅडॉप्टरची मागची बाजू उघडी असते आणि खाली धातूचं शील्ड किंवा बोर्डाचे सोल्डर असतात. मध्ये जाड प्लॅस्टिकचा तुकडा किंवा इन्शुलेशन टेप हवीच. कार्ड दोन बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपने पक्कं करा. सगळं बंद करायची घाई नको. कीबोर्ड जोडा, झाकण नुसतं बाजूला ठेवा आणि डिस्क तयार झाल्यावरच स्क्रू लावा.

ते दोन आकडे

पहिला आकडा ४ जीबी. किकस्टार्ट ३.१ पर्यंतचा डिस्क ड्रायव्हर डिस्कवरची जागा बाइटमध्ये मोजतो आणि त्यासाठी त्याच्याकडे ३२ बिट असतात. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा सुमारे ४२९ कोटी ४९ लाख, म्हणजे बरोबर ४ जीबीची हद्द. त्यापलीकडे लिहायला सांगितलं तर ड्रायव्हर चूक दाखवत नाही. स्कूटरचा जुना मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा त्याचा आकडा शून्यावरून सुरू होतो. मग ४ जीबीच्या पुढे जायला हवा असलेला मजकूर डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहिला जातो. आणि सुरुवातीलाच पार्टिशनचा नकाशा असतो.

मोठं कार्ड लावून पूर्ण वापरलं तर नेमकं हेच होतं. डिस्क भरत नाही तोपर्यंत सगळं सुरळीत. एक दिवस एखादी फाइल हद्दीपलीकडे जाते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू करताना अमिगाला डिस्क सापडतच नाही. १६ किंवा ३२ जीबीचं कार्ड लावायचंच असेल तर पार्टिशन पहिल्या ४ जीबीच्या आतच संपवा आणि बाकीची जागा रिकामी सोडा. बाजारात ४ जीबी म्हणून विकलं जाणारं कार्ड प्रत्यक्षात ४०० कोटी बाइटच्या आसपास असतं, म्हणजे ते पूर्णच्या पूर्ण हद्दीत बसतं. म्हणून ४ जीबीचं कार्ड सगळ्यात निर्धास्त. २०१८ साली आलेल्या अमिगाओएस ३.१.४ मध्ये आणि नंतरच्या ३.२ मध्ये ही हद्द उठवली आहे, पण त्यासाठी रॉमही त्या आवृत्तीची हवी.

दुसरा आकडा आहे मॅक्सट्रान्सफरचा. एका दमात डिस्कवरून जास्तीत जास्त किती बाइट मागायचे, ते हा ठरवतो. आयडीईच्या आज्ञेत किती सेक्टर हवेत हे सांगायला एकच बाइट असतो. त्यात २५५ पर्यंतचे आकडे सरळ मावतात, आणि २५६ सांगायचे असतील तर शून्य लिहायचं असा संकेत आहे. या टोकाला जुना ड्रायव्हर आणि नवी कार्डं यांचं नेहमी पटतंच असं नाही. म्हणून २५५ सेक्टरवर थांबायचं. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे २५५ गुणिले ५१२, बरोबर १,३०,५६०. एचडीटूलबॉक्स या अमिगाच्या पार्टिशन करायच्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, भरावा लागतो. एकापुढे एक अशी अक्षरं टाइप करा: शून्य, एक्स, एक, एफ, ई, शून्य, शून्य. मधे जागा सोडायची नाही.

हा आकडा चुकला असेल तर लहान फाइली ठीक चालतात आणि मोठ्या फाइली मधूनच बिघडतात. चित्र अर्ध्यावर रेघाळलेलं दिसतं, मोठं आर्काइव्ह (दाबून एकत्र बांधलेल्या फाइली) उघडताना चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा, जुळत नाही. लोक कार्डाला दोष देत बसतात. कार्डात काहीच बिघाड नसतो.

एचडीटूलबॉक्समध्ये पार्टिशन

वर्कबेंचच्या फ्लॉपी संचात इन्स्टॉल नावाची फ्लॉपी असते, तिच्यावर एचडीटूलबॉक्स आहे. नुसत्या फ्लॉपीवाल्या अमिगा १२०० सोबत ही फ्लॉपी मिळत नसे, त्यामुळे ती वेगळी मिळवावी लागेल. वर्कबेंच आणि किकस्टार्ट आजही कॉपीराइटखाली आहेत. क्लोआंटोच्या अमिगा फॉरेव्हर या पॅकेजमध्ये ती रीतसर मिळतात.

१. इन्स्टॉल फ्लॉपीवरून यंत्र सुरू करा आणि एचडीटूलबॉक्स उघडा. यादीत एक डिस्क दिसायला हवी, तिच्यापुढे अननोन असं लिहिलेलं असेल. नवीन डिस्कचं ते बरोबरच आहे. यादी रिकामी असेल तर शेवटचा भाग वाचा.

२. चेंज ड्राइव्ह टाइप दाबा, मग डिफाइन न्यू, मग रीड कॉन्फिगरेशन. अमिगा कार्डाला त्याची माहिती विचारून घेतो. कार्डाचं नाव आणि आकार आला की ओके करत मूळ खिडकीत परत या. कार्ड मोठं असेल तर हा जुना प्रोग्रॅम आकार विचित्र दाखवू शकतो, कधी तर उणे आकडाही.

३. पार्टिशन ड्राइव्ह उघडा. वर एक आडवी पट्टी दिसेल, तिच्या कडा माऊसने सरकवून पार्टिशनचा आकार ठरतो. पहिलं पार्टिशन सिस्टिमसाठी, ५०० एमबीच्या आत ठेवा, नाव डीएच०. उरलेल्यात डीएच१ आणि हवं तर डीएच२ करा, पण कुठलंच २ जीबीच्या वर नेऊ नका. पहिलं पार्टिशन बूटेबल असल्याची खूण करा. त्याची बूट प्रायॉरिटी ० असू द्या. फ्लॉपीची ५ असते, त्यामुळे फ्लॉपी घातलेली असेल तर यंत्र आधी तिच्यावरूनच सुरू होतं, जे आपल्याला हवंच आहे.

४. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सवर खूण करा. आता प्रत्येक पार्टिशन निवडून त्याच्या फाइल सिस्टिमच्या पानावर जा आणि मॅक्सट्रान्सफरमध्ये वरचा आकडा भरा. भरल्यावर एंटर दाबा. एंटर न दाबता माऊसने दुसरीकडे क्लिक केलं तर हा प्रोग्रॅम नवा आकडा विसरतो. म्हणून प्रत्येक पार्टिशनचं पान पुन्हा उघडून आकडा टिकलाय का ते बघा.

५. सेव्ह चेंजेस टू ड्राइव्ह दाबा आणि बाहेर पडा. यंत्र रिसेट होईल.

सिस्टिमचं पार्टिशन लहान ठेवायला मी मुद्दाम सांगतो. अमिगाच्या मूळ फास्ट फाइल सिस्टिमवर लिहिणं चालू असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी ते पार्टिशन व्हॅलिडेट व्हावं, म्हणजे पूर्ण तपासलं जावं, लागतं आणि तोपर्यंत त्यावर काही लिहिता येत नाही. पार्टिशन जितकं मोठं तितका वेळ जास्त. पीएफएस३ या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये हा त्रास नाही, आणि एचडीटूलबॉक्समधून ती डिस्कच्या नकाशातच साठवता येते. पण तिला मेमरी जास्त लागते. मेमरी वाढवलेली नसेल तर मूळ फाइल सिस्टिमच बरी.

फॉरमॅट आणि वर्कबेंच

पुन्हा फ्लॉपीवरून यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर पार्टिशनांची चिन्हं दिसतील, नावापुढे एनडॉस, म्हणजे अजून फॉरमॅट न झालेलं, असं लिहिलेलं. चिन्ह एकदा क्लिक करून मेनूतून फॉरमॅट डिस्क निवडा. डिस्कला नाव द्या, फास्ट फाइल सिस्टिम आणि इंटरनॅशनल मोड चालू ठेवा, डिरेक्टरी कॅश बंद. हार्ड डिस्कवर तिचा फायदा नाही, उलट लिहिण्याचा वेग कमी होतो. मग क्विक फॉरमॅट दाबा. साधा फॉरमॅट केला तर अख्खं पार्टिशन लिहून तपासलं जातं आणि त्याला फार वेळ लागतो. प्रोग्रॅम दोनदा विचारेल, दोन्ही वेळा चिन्हाचं नाव वाचूनच हो म्हणा.

त्यानंतर इन्स्टॉल फ्लॉपीवरचा इन्स्टॉलर चालवा. तो भाषा, कीबोर्ड आणि प्रिंटर विचारतो आणि एकामागून एक फ्लॉपी मागतो. ३.१ च्या संचात सहा आहेत. शेवटची फ्लॉपी काढून रिसेट केलं की यंत्र डिस्कवरून उठतं.

आता मोठी फाइल तपासा, कारण मॅक्सट्रान्सफर बरोबर लागला की नाही ते इथेच कळतं. एक-दोन एमबीचं एखादं एलएचए आर्काइव्ह डीएच१ वर कॉपी करा आणि एलएचए प्रोग्रॅमला टी हा पर्याय देऊन ते तपासून घ्या. सगळ्या फाइलींचे चेकसम जुळले तर काम झालं. मगच झाकण बंद करा.

आधुनिक कॉम्प्युटरवर कार्ड तयार करणं

हेच सगळं विंडोजवर विनयूएई या एम्युलेटरमध्येही (अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) होतं, आणि फ्लॉपी ड्राइव्ह थकलेला असेल तर हाच मार्ग धरावा. कार्ड रीडरमध्ये कार्ड घाला. विंडोज लगेच विचारेल की डिस्क फॉरमॅट करू का, किंवा इनिशियलाइज करू का. दोन्हीला नाही म्हणा. इनिशियलाइज केलं तर विंडोज डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आपली खूण लिहितं, आणि अमिगाचा पार्टिशन नकाशा साधारण तिथेच असतो.

विनयूएई अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, हार्ड ड्राइव्ह जोडायच्या पानावर कार्ड निवडा. आकार बघून खात्री करा की ते कार्डच आहे, तुमची विंडोजची डिस्क नाही. कंट्रोलर म्हणून अमिगा ६०० व १२०० चा आयडीई निवडा, म्हणजे एचडीटूलबॉक्सला डिस्क लगेच सापडते. पुढच्या पायऱ्या वर दिल्या तशाच. फरक एकच. एम्युलेटरमध्ये तुम्ही नवी किकस्टार्ट किंवा त्याचा स्वतःचा डिस्क ड्रायव्हर वापरला तर ४ जीबीच्या पुढचं पार्टिशनही तिथे व्यवस्थित चालेल. तुमच्या खऱ्या यंत्रात ३.१ असेल तर तेच कार्ड त्यात बिघडेल. हद्द तुम्हालाच पाळायची आहे.

फाइली आणायच्या कशा

अमिगा १२०० आणि ६०० च्या डाव्या बाजूला पीसीएमसीआयएची, म्हणजे जुन्या लॅपटॉपसारख्या कार्डांची, खाच आहे. तिच्यात बसणारं कॉम्पॅक्टफ्लॅशचं अॅडॉप्टर घ्या, आणि अमिनेट या अमिगाच्या सार्वजनिक भांडारातून सीएफडी आणि फॅट९५ ही दोन पॅकेजं उतरवून बसवा. मग विंडोजवर फॅटमध्ये फॉरमॅट केलेलं दुसरं कार्ड अमिगावर थेट वाचता येतं. ती दोन पॅकेजं पहिल्यांदा आणायला ७२० केबीला फॉरमॅट केलेली पीसी फ्लॉपी आणि वर्कबेंचमध्ये २.१ पासून असलेलं, पीसी फ्लॉपी वाचणारं क्रॉसडॉस पुरेसं आहे, किंवा विनयूएईतूनच कार्डावर टाकून ठेवा. अमिगा १२०० मध्ये ८ एमबीचं मेमरी कार्ड असेल आणि पीसीएमसीआयए चालत नसेल, तर काही कार्डांवर मेमरी ४ एमबीवर आणणारा जंपर असतो, तो बदलून बघा. दोघांचे पत्ते एकमेकांवर येतात.

डिस्क दिसत नसेल तर

यादी रिकामी असेल तर आधी केबल. काढून, दोन्ही टोकं तपासून पुन्हा बसवा. मग जंपर. मग दुसरं कार्ड लावून बघा. सगळीच कार्डं आयडीई मोडमध्ये नीट वागत नाहीत, आणि औद्योगिक वापराची कार्डं याबाबतीत जास्त भरवशाची असतात. कार्ड आधी दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरलेलं असेल तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये क्लीन आज्ञा देऊन त्यावरचं जुनं सगळं पुसा. डिस्कचा नंबर मात्र दोनदा तपासून.

फिरणारी डिस्क थंड यंत्रावर सापडत नाही आणि रिसेट केल्यावर सापडते, असंही होतं. डिस्कला वेग धरायला वेळ लागतो आणि तोवर किकस्टार्टचा धीर संपतो. कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकदम दाबा, दुसऱ्या खेपेला ती उठते. कायमचा उपाय कार्ड हाच.

डिस्क दिसते पण यंत्र तिच्यावरून सुरू होत नसेल, तर रिसेट करताना माऊसची दोन्ही बटणं दाबून धरा. सुरुवातीचा मेनू येतो. त्यातल्या बूटच्या यादीत डीएच० नसेल तर पार्टिशनवर बूटेबलची खूण राहिली आहे. असेल, तर त्याच मेनूतून स्टार्टअप-सीक्वेन्स (सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांची फाइल) न चालवता सुरू करा आणि तिथे अडकवणारी ओळ शोधा.

सगळं जमून आलं की कार्ड एकदा बाहेर काढा आणि आधुनिक कॉम्प्युटरवर त्याची पूर्ण इमेज काढून ठेवा. यंत्र बंद करताना हार्ड डिस्कचा दिवा विझल्यावर आणखी दोन-तीन सेकंद थांबून मगच बटण दाबा. अमिगा शेवटचं लिहिणं थोड्या उशिराने उरकतो.